शिपायाचा दोरा

“कच्चं! कच्चंच घालायचं. विस्तवाला तोंडसुद्धा दाखवायचं नाही!”

बाबांचा हा आवाज मी पहिल्यांदा कधी ऐकला ते आठवत नाही, पण कुठून ऐकला ते पक्कं आठवतं. दुकानाच्या फळीखालून. वर बाबा मटण कापायचे आणि खाली मी पाटी मांडीवर घेऊन बसायची. ठोकळ्यावर पडणारा सुऱ्याचा घाव मला कानांच्या आधी तळपायांना कळायचा. एखादं गिऱ्हाईक कुत्र्यासाठी हाड मागायचं आणि बाबांचा आवाज चढायचा. रागाने नव्हे. गाणारा माणूस वरच्या पट्टीत जातो तसा. मग ते स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणायचे:

हाड द्यावं कच्चं, तोंडाहून लांब,
खाऊन होईस्तोवर शेजारीच थांब.
बोटभर राहिलं की काढ गोड बोलून,
फरशी घे पुसून नि हात घे धुऊन.

“थांब म्हणजे थांबा हं, मास्तर,” असं पुढे जोडायचे. “गाण्यात बसत नाही म्हणून अरेतुरे केलं.”

मास्तर हसायचे. फळीखाली मी हसायची. आणि माझ्या पायांशी पसरलेला शिपाई शेपटीने जमीन झाडायचा.

शिपाई म्हणजे आमचा कुत्रा. पिवळट रंगाचा, एक कान कायम मुडपलेला. दुकानाच्या दारात असा ताठ बसायचा की साहेबांना भेटायला आलेल्या माणसाने आधी त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी. म्हणून नाव शिपाई.

या गोष्टीला त्रेचाळीस वर्षं झाली. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, मी बावन्नची. मी दवाखान्यात एक्सरे काढते. दिवसभर माणसांची हाडं बघते. बाबा सगळ्यांना सांगतात, “आम्ही बापलेक एकाच धंद्यात. फक्त हिची हाडं कुणाला घालता येत नाहीत.”

काल दुपारी मी कामावरून दुकानात आले तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि मागच्या भिंतीवरचे दोरे उतरवत होते.

“बाबा! खाली उतरा आधी. या वयात स्टुलावर?”

“मग कुठल्या वयात चढू? पुढच्या?”

“दोरे कशाला काढताय?”

“धूळ बसलीय,” ते म्हणाले. पण भिंतीवरून काढलेला एकेक दोरा ते खोक्यात ठेवत होते. धूळ झटकणारा माणूस खोकं घेऊन चढत नाही.

त्या दोऱ्यांबद्दल सांगायला हवं. नवीन कुत्रं दुकानात आलं की बाबा सुरा खाली ठेवत, हात धूत आणि त्याच्यापुढे उकिडवे बसत. खिशातून दोरा काढून त्याच्या नाकाच्या शेंड्यापासून कानामागपर्यंत धरत. कुत्र्यांना वाटायचं लाड चाललेत. तेवढ्या मापावर गाठ मारून दोरा तोडायचा, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि भिंतीवर खिळा ठोकून टांगायचा. त्या दोऱ्याहून आखूड हाड त्या कुत्र्याला कधी मिळायचं नाही. आखूड हाड कुत्रं न चावता गिळतं आणि ते घशात अडकतं.

चिठ्ठ्यांवर बाबांचं तिरपं अक्षर. ‘टपालवाल्यांचा काळा.’ ‘मास्तरांचा आळशी.’ ‘शिंपीणकाकूंचा हावरट, भूक मारूनच द्यावे.’ म्हणजे आधी जेवण, मग हाड. दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचे दोरे निळे, त्यांना मऊ कुरकुरीत भाग. एका घरातल्या दोन कुत्र्यांचे दोरे दोन वेगळ्या भिंतींवर. “एकत्र घातलं की खात नाहीत, शर्यत लावतात,” बाबा म्हणायचे. नळीचं जाड हाड मात्र कुणालाच नाही. मागितलं तर म्हणायचे, “आमच्याकडं त्याच्यापेक्षा दगड बरा मिळेल. दात दोन्हीनं मोडतो.”

कुत्री मेली, पण दोरे राहिले. शंभरावर असतील. उन्हाळ्यात दारातून वारा आला की सगळे एकदम हलायचे आणि मला वाटायचं, भिंतच शेपूट हलवतेय.

“घड्याळजींचं मनाला लावून घेतलंत ना?” मी विचारलं.

बाबांनी हातातला दोरा खोक्यात ठेवला. घड्याळजी म्हणजे चौकातले घड्याळं दुरुस्त करणारे. फार मऊ माणूस. चार दिवसांपूर्वी त्यांच्या कुत्रीच्या, राणीच्या, घशात हाडाची सळी रुतली. जनावरांच्या डॉक्टरांनी ती काढली आणि राणी वाचली. घड्याळजी दुसऱ्या दिवशी दुकानात आले. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भिंतीवरचा राणीचा दोरा मागून घेतला, हातात धरला, पुन्हा फळीवर ठेवला आणि म्हणाले, “आता लागणार नाही.”

तेव्हापासून बाबांनी सुरा धरला नव्हता.

“चिमणे, हे बघ.” त्यांनी स्टुलावरूनच उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. बावन्न वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय. “हा हात आता भरवशाचा नाही. गाठ कुठं आहे ते डोळ्याला दिसत नाही. उद्या पुन्हा कुणाचं तरी लेकरू जायचं. दुकान बंद करू या.”

“अहो, पण राणीला तुम्ही दिलं ते हाड मी पाहिलंय. चांगलं वीतभर होतं.”

“तू एक्सरे काढला होतास का त्याचा?”

मी स्टूल धरून उभी राहिले.

तेवढ्यात दारात सावली पडली. घड्याळजी. त्यांच्या दंडाला धरून त्यांची आई. आजी ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या. त्यांच्यामागे राणी, गळ्याभोवती प्लास्टिकचं नरसाळं. ते दाराच्या चौकटीवर आपटलं आणि ती आमच्याकडे अशी बघायला लागली, जणू चूक चौकटीची होती.

“या, बसा,” बाबा स्टुलावरून उतरत म्हणाले. आवाज कोरडा होता.

“बसायला नाही आलो,” घड्याळजी म्हणाले. “आई, सांग.”

“सांगते रे. श्वास तर घेऊ दे.” आजींनी पदराने ओठ टिपले. “दादा, तुमच्या हाडात काही नव्हतं. मी उकळलं हो ते.”

बाबांनी एक हात फळीवर टेकला.

“हा म्हणतो कच्चं, कच्चं. आता कच्चं कुणी घालतं का पोटच्या पोरीला? मला वाटलं, जरा मऊ होईल. दातांना बरं. मीसुद्धा तेच पाणी प्यायले, त्यात मीठ घालून.”

“आई, ते नको सांगू.”

“का नको? सगळं सांगायचं तर सगळं. माझ्या हातून झालं आणि हा तुम्हाला दोरा परत देऊन आला. मला हे आज सकाळी कळलं. घास उतरेना. म्हटलं, मला आधी तिकडं ने.”

घड्याळजी खाली बघत होते. “चुकलं माझं. विचारायला हवं होतं आधी.”

बाबा हसले. मोठ्याने नाही, पण तीन दिवसांनी हसले. “आजी, शिजलं की हाड मऊ नाही होत. त्याची काच होते. मऊ होतं ते वरचं मटण. आत नुसत्या सळया. कच्चं वाकतं, चेपतं, शिजलेलं तडकतं. म्हणून तर मी बोंबलत असतो.”

“ओरडा की मग मला.”

“तुम्हाला कसा ओरडू? तुम्ही मायेनं केलं.”

मी फळीची कड घट्ट धरली होती.

घड्याळजींनी राणीचा दोरा स्वतःच्या हाताने पुन्हा खिळ्याला अडकवला. चिठ्ठी सरळ केली. घड्याळाचा काटा बसवतात तशी, दोन बोटांनी. बाबा राणीपुढे उकिडवे बसले, नरसाळ्यात तोंड घालून तिला काहीतरी म्हणाले आणि तिने त्यांचा चष्मा चाटला. आजी जाताना दारात थांबून म्हणाल्या, “बरी झाली की घेऊन येईन. तोवर पाणी उकळायचं भांडंच लपवून ठेवतो म्हणालाय हा.”

ते गेले. मी पदर खोचला. वाटलं, संपलं सगळं. आता दोरे परत भिंतीवर लावायचे.

बाबा पुन्हा स्टुलावर चढले आणि पुढचा दोरा उतरवू लागले.

“आता कशाला? ऐकलंत ना आजींनी काय सांगितलं?”

“राणीचं सुटलं गं,” ते म्हणाले. “पण शिपायाचं?”

मी खोचलेला पदर सोडला.

“तेव्हा पस्तिशीत होतो. हात दगडासारखा स्थिर. तरी चुकला. कुठल्या तरी घाईत आखूड तुकडा ठेवला असेल घरी. आता तर हा कापतोय. आधीच एक गेलाय या हातानं. दुसरा कशाला?”

भिंतीवरचा पहिला खिळा, वर डाव्या कोपऱ्यात. त्यावरचा तांबडा दोरा आता विटकरी झाला आहे. त्याला चिठ्ठी नाही. शंभर दोऱ्यांतलं हे एकच माप कुत्रं मेल्यावर घेतलेलं. शिपायाला पुरण्याआधी बाबांनी आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला होता आणि त्याच्या नाकापासून कानामागपर्यंत धरला होता. तो मुडपलेला कान त्यांनी आधी सरळ केला होता. दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं माप.

मी नऊ वर्षांची होते. त्या आठवड्यात फार थंडी पडली होती. मला ताप होता आणि आई मला सगळं गरम गरम देत होती. दूध गरम, पाणी गरम, उशाखालचा कपडासुद्धा गरम करून. शिपाई माझ्या खाटेखाली होता आणि कुडकुडत होता. बाबांनी सकाळी त्याचं हाड झाकून ठेवलं होतं, संध्याकाळी आल्यावर स्वतः समोर बसून घालायला. मी हात लावून पाहिलं. बर्फासारखं गार होतं. आई विहिरीवर गेली होती. मी छोट्या पातेल्यात पाणी घेतलं, हाड त्यात बुडवलं आणि स्टोव्हवर ठेवलं. चांगलं रटरटू दिलं. मग फुंकर मारून निववलं. माझ्यासाठी आई मारायची तशी. त्याने माझ्या हातून घेतलं तेव्हा शेपूट इतकी हलत होती की मागचे दोन्ही पाय सरकत होते.

कच्चं, कच्चंच, हे मी रोज फळीखाली ऐकत होते. पण मला वाटायचं, ते गिऱ्हाइकांच्या कुत्र्यांसाठी आहे. आपल्या माणसाला आपण गार कसं देणार?

बाबा धावत आले तेव्हा तो गेला होता. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “तुकडा आखूड दिला मी.” कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून म्हटलं, आणि ते एवढं सोपं होतं की मी गप्प राहिले.

पातेलं मी घासून ठेवलं होतं. आईने ते उचललं, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “लख्ख घासलंस,” एवढंच म्हणाली. ते पातेलं तिने वरच्या फळीवर पालथं घातलं. मग ती असेपर्यंत ते पुन्हा खाली आलं नाही. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली. तिने माझं गुपित राखलं. मी कुणाचं राखत होते?

पुढे मला वाटायला लागलं, आता सांगून काय उपयोग? दोऱ्यांमुळे गावभरची कुत्री वाचताहेत. बाबांचं नाव झालंय. लोक लांबून विचारायला येतात. ज्या चुकीतून हे सगळं उगवलं ती चूक त्यांची नव्हतीच, हे सांगितलं तर भिंतच उपटून काढल्यासारखं होईल. असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला भीती वाटत होती. ऐंशी वर्षांच्या बाईला घास उतरला नाही, आणि मी त्रेचाळीस वर्षं जेवत होते.

बाबांनी हात उंचावून तांबडा दोरा खिळ्यावरून सोडवला. बोटांनी तो धरवला नाही. खाली पडला, वाऱ्याने सरकला आणि फळीखाली गेला.

“गेला कुठं?” ते वरून म्हणाले. “चिमणे, बघ गं. तो नको हरवायला.”

मी खाली वाकले. गुडघे वाजले. फळीखाली तोच ओलसर वास होता, तीच फरशी, माझ्या पाठीने गुळगुळीत झालेला तोच खांब. दोरा शिपाई पसरायचा त्या जागी पडला होता. मी तो उचलला. गाठ अजून घट्ट होती. मग मी उठलेच नाही. तिथेच खांबाला टेकून बसले, पाय पोटाशी घेऊन.

तिथून बाबांची पावलं दिसत होती. स्टुलाच्या कडेवर, थोडी पुढे आलेली.

“सापडला का?”

“सापडला.”

“मग दे की वर.”

“बाबा,” मी तिथूनच म्हणाले, “तुमचा तुकडा आखूड नव्हता. शिपायाला थंडी वाजत होती, म्हणून मी तो शिजवला होता.”