तापलेली तार

ताईच्या नाकावर राग असतो, हे बस डेपोतल्या नवख्या क्लीनरलाही पहिल्याच दिवशी कळायचं. तीस वर्षं तिने बसगाड्यांचं वायरिंग केलं. तिथे तिला सगळे ‘ठिणगी’ म्हणायचे, अर्थात तिच्या पाठीमागे. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ठिणगी काही विझली नव्हती, आणि त्या दुपारी धाकट्या भावाच्या इमारतीच्या मागच्या आवारात ती शिरली तेव्हा तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

भिंतीला नाक लावून वडिलांची गाडी उभी होती. ताईहून चार वर्षांनी मोठी, गोल दिव्यांची, जड दारांची. वडील होते तोवर त्यांनी तिला जपलं. ते गेल्यावर गाडी भावाकडे राहिली आणि तिची दुखणीखुपणी ताईकडे. आता काचेवर इमारतीच्या कमिटीची नोटीस चिकटवलेली होती : बंद पडलेली वाहनं आज पाचपर्यंत हलवा, नाहीतर उचलून मोडीत दिली जातील. फाटकाबाहेर क्रेन येऊन थांबलीसुद्धा होती. क्रेनवाला पाय खिडकीबाहेर काढून मजेत पडला होता.

“स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर जाऊन परत आली, की नोटीस रद्द,” कमिटीचे सेक्रेटरी आवारात टाकलेल्या खुर्चीतून म्हणाले. “माझं काही वैर नाहीये गाडीशी.”

ताईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिचा खरा राग भावावर होता. भाऊ कॉलेजात गणित शिकवायचा. एकावन्न वर्षांचा झाला होता, पण ताईसमोर अजून प्रगतिपुस्तक लपवणाऱ्या पोरासारखा उभा राहायचा.

“नवा स्टार्टर आणलास म्हणे, मास्तर?”

“हो. दुकानदार म्हणाला, स्टार्टरच गेलाय. मग बदलला. मीच बसवला, पुस्तकात बघून.”

“पुस्तकात बघून! आणि मला विचारायला काय तोंड शिवलं होतं?”

“तू ओरडली असतीस.”

“मग आता काय गाणं म्हणतेय?”

तिने किल्ली फिरवली. टक्. एवढंच. इंजिन जागचं हललं नाही. दिवे मात्र लख्ख होते, हॉर्न ठणठणीत, बॅटरी भरलेली. म्हणजे घोडं पेंड खातंय ते स्टार्टरपाशीच, आणि स्टार्टर मास्तरने बसवलेला. ताईला आणखी पुरावा नको होता.

तिने बॅटरीची वायर सोडली, गाडी जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले आणि पाठीवर झोपून आत सरकली. बोल्ट काढताना तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. हा बोल्ट असा आवळतात का? ही वायर अशी वळवतात का? बाबा असते तर कानाखाली आवाज काढला असता. मास्तर बाजूला उकिडवा बसून मागेल तो पाना हातात देत होता, आणि दोनदा चुकीचा दिला म्हणून त्याबद्दलही बोलणी खात होता. इमारतीच्या चार खिडक्या उघडल्या होत्या. सगळी इमारत फुकटात तमाशा बघत होती.

नवा स्टार्टर तिने फरशीवर ठेवला, बूट त्याच्या पाठीवर दाबला आणि बॅटरीच्या जाड वायरा लावल्या. स्टार्टर घूंऽऽ करून असा उसळला की सेक्रेटरींनी पाय वर घेतले. दातेरी चकती झटकन पुढे आली, गरगरली. अगदी निरोगी. मग ताईने पोत्यात टाकलेला जुना स्टार्टर काढून तोही तसाच लावला. तोही घूंऽऽ.

“हासुद्धा चालतोय की,” मास्तर म्हणाला.

“मग काढलास कशाला चालणारा?” ती कडाडली. “चांगल्याचं वाटोळं करायची हौस! तुझ्याच जोडणीत काहीतरी शेण खाल्लंयस.”

तिने जुना स्टार्टर पुन्हा बसवला, आपल्या हाताने, एकेक टोक घासून. चार वाजून गेले होते. मास्तर आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. टक्.

“परत!”

टक्.

“ताई, ही डॅशबोर्डवरची चोकची मूठ गरम लागतेय. काल पण लागली होती.”

“चोकची तार काय तापणार, लोखंडाची दोरी ती! तिच्यात वीज असते का? गणित शिकव तू. फिरव!”

मास्तरने एक हात चोकच्या मुठीवर ठेवून किल्ली पुन्हा फिरवली, आणि ‘आई गं’ करून हात मागे घेतला. बॉनेटखाली चोकच्या तारेवरून पांढऱ्या धुराची रेघ निघाली होती.

ताई गप्प झाली. सेक्रेटरींनी मान वर करून बघितलं, कारण दुपारपासून पहिल्यांदाच आवारात शांतता झाली होती.

चोकच्या तारेत वीज नसते. असली, तर ती वाट चुकून आलेली असते. बॅटरीतून स्टार्टरकडे गेलेल्या करंटला परत यायला रस्ता लागतो, आणि तो रस्ता म्हणजे इंजिनापासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली तांब्याची चपटी पट्टी. ती तुटली किंवा सुटली तर करंट मिळेल त्या बारीक तारेतून पळायला बघतो, आणि तार तापते. हे ताईने डेपोत किमान शंभर पोरांना शिकवलं होतं. भावाने तिला हेच सांगितलं होतं, आणि तिने त्यालाच वेड्यात काढलं होतं.

ती पुन्हा गाडीखाली सरकली. पट्टी जागेवर होती, घट्ट होती, नवीकोरी होती. तिने बोल्ट सोडून पट्टी उचलली. खाली काळा चकचकीत रंग होता. दोन हात दिलेला, कुठे ओरखडा नाही.

तो रंग तिने दिला होता. दोन महिन्यांपूर्वी इंजिनाचं काम केलं तेव्हा सांगाडाही रंगवला होता, आणि वाळल्यावर रंग न खरवडता ही पट्टी त्याच्यावरच आवळली होती. काही दिवस बोल्टच्या आट्यांतून करंट कसाबसा जात राहिला. मग आटेही गंजले. ‘आधी रंग काढा, मग अर्थिंग लावा,’ हे ती झोपेतसुद्धा म्हणाली असती. पण त्या दिवशी मास्तरने गाडी धुतली नाही म्हणून ती त्याच्यावर खेकसत होती, आणि खेकसता खेकसताच तिने बोल्ट आवळला होता.

गाडीखाली कुणी बघत नव्हतं. तिने पॉलिश पेपरने रंग घासला, लोखंड पांढरं होईपर्यंत घासला, पट्टी आवळली आणि बाहेर येऊन गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. “फिरव,” एवढंच म्हणाली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. खिडक्यांतून टाळ्या पडल्या.

सेक्रेटरी उठून आले. “वा, बाई! पण खरं सांगू का? तुम्ही आज आलात म्हणून झालं. मास्तर पुन्हा काहीतरी बदलतील, पुन्हा बंद पाडतील. पुन्हा नोटीस, पुन्हा क्रेन.”

मास्तरने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. “बरोबर आहे त्यांचं,” तो म्हणाला. “ताई, माझ्याने नाही होत. दर वेळी काहीतरी चुकतंच माझं. घेऊन जाऊ देत. एकदाची कटकट मिटेल.”

तो चिडून बोलत नव्हता. त्याला ते मनापासून पटलं होतं, आणि ते दुपारभर त्याच्या डोक्यात कुणी घातलं होतं हे ताईला कळलं. क्रेनवाला पाय आत घेऊन खाली उतरत होता. नुसती मान डोलावली असती तरी तिची अब्रू शाबूत राहिली असती. गाडी गेली असती, एवढंच. तिला स्वतःचा इतका संताप आला की हातातला पाना तिने जमिनीवर आपटला.

“तुझं काही चुकलं नाही!” ती ओरडली. “माझं चुकलंय! रंगावर पट्टी मी आवळली! तू तार तापते म्हणालास ते खरं होतं, आणि मी मूर्खासारखी तुझ्यावर भुंकत बसले! ऐकलंस का?”

“अख्ख्या इमारतीने ऐकलं,” मास्तर म्हणाला. “बाबा कधी ‘माझं चुकलं’ म्हणाले नाहीत गं. एकदापण नाही.”

“मी म्हणतेय ना! बस गाडीत. पाचला दहा कमी आहेत.”

ती आपण होऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. मास्तरने गाडी सुरू केली, मागे घेतली, वळवली. फाटकाच्या चढावर त्याने क्लच भसकन सोडला. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. क्रेनवाला पुढे झाला. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं.

मास्तरने ताईकडे बघितलं. ताईने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. दात-ओठ खात ती समोर बघत होती, आणि तिच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नाही.

मास्तरने गिअर काढला आणि किल्ली फिरवली.