दोनदा बघितलेला प्लग

सकाळी साडेआठला कुरियरवाल्याने खोकं दारात ठेवलं तेव्हा आतून कोंबडीची बारा पिल्लं गळा काढून ओरडत होती. सही घेताना तो म्हणाला, काकू, रस्ताभर हेच ऐकतोय. मी म्हटलं, बाळा, तुला खोक्यात घालून दोन दिवस फिरवलं असतं तर तूही असाच गळा काढला असतास.

माझी जीभ अशीच आहे. चौतीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात लोकांशी गोड बोलण्यात साखर सगळी संपली. निवृत्त झाले आणि घरातली शांतता अंगावर यायला लागली. आई होती तोवर मागच्या अंगणात कोंबड्या असायच्याच. तिला जाऊन दोन वर्षं झाली. पिल्लं मागवलीत म्हटल्यावर शेजारीण म्हणाली, अंडी कोपऱ्यावर मिळतात की. मी विचारलं, आवाज मिळतो का कोपऱ्यावर?

आमच्या लहानपणी आई पिल्लांना बल्बची ऊब द्यायची. एक मोठं खोकं, वर टांगलेला शंभर वॅटचा बल्ब आणि अर्ध्या भागावर गोणपाट. थर्मामीटर आमच्या घरात तापालासुद्धा नव्हता, पिल्लांना कुठला? आई सांगायची, पिल्लांकडेच बघा. एकमेकांच्या अंगावर चढली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर उकडतंय, आणि आपापल्या नादात पसरून बसली असतील तर तुम्ही तुमच्या कामाला लागा. मी आणि धाकटा भाऊ तासन्‌तास खोक्याशेजारी पालथे पडून राहायचो. तापलेल्या गोणपाटाचा वास आणि ती बारीक कुजबूज मला अजून जशीच्या तशी आठवते. तसं सुख पुन्हा नाही मिळालं.

यंदा बल्ब नको, असं धाकट्याचं म्हणणं. तो आता सत्तावन्न वर्षांचा इलेक्ट्रिशियन आहे. बल्ब पडतो, फुटतो, आग लागते; त्यापेक्षा पाठ शेकायची विजेची गादी वापरू, कोंबडीच्या पोटाखाली बसल्यासारखी ऊब मिळते. तशी गादी माझ्या गुडघ्यांसाठी महिन्यापूर्वीच आणलेली होती. गुडघे काय, पळून जाणार नव्हते.

नऊच्या आत तो पिशवी घेऊन हजर. खोक्यात लाकडाचा भुसा पसरला. जाळीचा तुकडा वाकवून बुटका बोगदा केला, मागून खाली, पुढून चार बोटं उंच. त्यावर गादी ठेवून नाड्यांनी बांधली, वर जुना टॉवेल. प्लग लावला, बटण दाबलं, लाल दिवा लागला. मग प्लग काढून परत लावला, नाड्या परत ओढून बघितल्या, दिव्याकडे परत वाकून बघितलं. गावभर त्याला ‘दोनदा’ म्हणतात. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हा गडी पाणीसुद्धा फुंकतो. स्वतःच्या लग्नात जेवायच्या पंगतीतून उठून मंडपाची वायर बघून आला होता. त्यावरून आम्ही त्याला अजून चिडवतो.

एकेका पिल्लाची चोच पाण्यात बुडवून मी त्यांना बोगद्याशी सोडलं. बाराही आत शिरली आणि दोन मिनिटांत ओरडा थांबून कुजबूज सुरू झाली. तीच. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, घे की रे एखादं हातात. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. “नको ताई. माझ्या हाताला पिल्लं लाभत नाहीत.”

मी विषय बदलला. हा विषय बदलायची मला एकोणपन्नास वर्षांची सवय होती.

मग आम्ही अंगणात खुराड्याचं काम काढलं. मी फळी धरायची, त्याने खिळे ठोकायचे. आईच्या गोष्टी निघाल्या. ती कोंबड्यांना आमच्या मास्तरांची नावं द्यायची आणि मास्तर घरी आले की आमची कशी पंचाईत व्हायची, ते आठवून आम्ही खिळे बाजूला ठेवून हसलो. ठोकाठोकीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. साडेबाराला मी पाणी प्यायला आत गेले. पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून किंचाळत होती. दिवा विझलेला. गादी गार. ढिगाच्या तळाशी एक मान टाकून पडलेलं.

माझ्या हाकेने तो धावत आला. बटण दाबलं तर दिवा लागला. प्लग ठीक, वायर ठीक. मी रद्दीच्या गठ्ठ्यातून गादीचा कागद काढला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सुरक्षिततेसाठी दोन तासांनी आपोआप बंद. माझ्या गुडघ्यांना अर्ध्या तासाच्या वर शेक कधी लागलाच नव्हता, मला कसं कळणार? तो कागद न वाचता मी रद्दीत टाकला होता, आणि आयुष्यभर सगळं दोनदा बघणाऱ्या याने माझी गादी म्हणून विचारलं नाही. त्याला मी कागद दाखवला. त्याने तो वाचलाही नाही.

“मी बसवलं की हेच होतं,” तो म्हणाला. “तेव्हा बल्ब, आता हे.” एवढा मोठा माणूस, पण चेहरा आठ वर्षांच्या पोराचा झाला होता.

मान टाकलेलं पिल्लू माझ्या ओंजळीत होतं. छाती अजून हलत होती. आता गप्प बसले तर हा हेही ओझं घेऊन घरी जाणार, हे मला दिसत होतं. आई होती तोवर तिच्या नजरेला घाबरून बोलले नाही. ती गेल्यावर मनाशी म्हटलं, आता काय उपयोग.

“तो बल्ब तू नीट बसवला होतास,” मी म्हणाले. “मी काढला.”

त्याने माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. थंडीची ढगाळ दुपार, आई कामावर. मागच्या खोलीतला बल्ब गेलेला आणि मैत्रिणीची कादंबरी संध्याकाळी परत द्यायची होती. एक प्रकरण वाचते आणि लावते, असं म्हणून मी पिल्लांचा बल्ब काढून नेला. एकाची पाच प्रकरणं झाली. कुजबूज थांबलीय हे लक्षात आल्यावर पळत जाऊन तो परत बसवला, पण घाईत तो नीट बसलाच नाही. आई आली तेव्हा बल्ब लुकलुकत होता आणि पंधरांतली सात पिल्लं गेली होती. सकाळी बल्ब कुणी बसवला, तिने विचारलं. त्याने मोठ्या अभिमानाने केलेलं ते पहिलंच काम. तो म्हणाला, मी. आईने त्याला मारलं नाही. एवढंच म्हणाली, तुझ्या हाताला घाई आहे. मी बारा वर्षांची, शेजारीच उभी होते आणि तोंडाला कुलूप घातलं होतं.

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, “अर्ध्या रस्त्यातून मी परत फिरायचो, ताई. लोकांच्या घरी. स्विच बघायला. पोराचं शाळेतलं नाटक होतं, पोचलो तेव्हा पडदा पडला होता.”

“चुकले रे,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“कादंबरी संपली का तरी?”

“नाही. शेवटची पानं राहिली.”

त्याने हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही. मग मी ते पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने दुसरा तळहात वर धरला आणि तोंड जवळ नेऊन हळूहळू ऊन श्वास सोडत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. बोटांच्या फटीतून आधी चोच दिसली, मग बारीक आवाज आला. त्याने ते स्वतः बोगद्यात सोडलं. बाकीची अकराही आत गेली होती.

मला वाटलं, आता तो चिडेल, निदान रडेल. त्याने पक्कड, पेचकस, उरलेले खिळे पिशवीत भरले. म्हणाला, दर दोन तासांनी बटण दाबत जा, आपोआप बंद न होणारी गादी बघतो. कधी, ते सांगितलं नाही.

फाटकाशी तो थांबला. मी दारात उभी होते. इथूनच तो नेहमी काहीतरी परत बघायला मागे फिरतो, चपला न काढता आत येतो आणि मी ओरडते. त्याने फाटकाची कडी लावली, एकदाच, आणि वळून न बघता गेला.

मी आत आले. प्लग बघितला. खुर्चीवर बसले, आणि उठून परत बघितला.