तळहातावरचं पाणी

ऋजुताच्या वाट्याची झोप पहिल्यांदा सासूबाईंना लागली, तेव्हा घरात कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

दिसणार तरी कसं? एकाचं दुसऱ्यानं करायची या घराला जुनीच सवय. निनादची परीक्षा आली की उपास त्याची आई करायची, आणि पास निनाद व्हायचा. लग्न होऊन आलेल्या ऋजुतालाही हे अंगवळणी पडलं होतं. तिला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात तिची झोप उडाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी चाला, झोप आपोआप लागेल. पण पाय एवढे सुजलेले, की चपलेत जाईनात. तेव्हा सासूबाई देवघरातून पळी आणि पाण्याचं भांडं घेऊनच आल्या.

"तू पड गं. तुझं मी चालते," त्या म्हणाल्या. "माझ्या हातावर पाणी सोड आणि म्हण, माझं चालणं तुम्हाला दिलं."

ऋजुताला हसू आलं. गुडघ्यांपायी जिना न चढणारी ही बाई आपल्यासाठी चालायला निघाली, म्हणून भरूनही आलं. तिनं पळीभर पाणी त्यांच्या तळहातावर सोडलं आणि म्हणायचं ते म्हटलं. सासूबाईंनी पदर खोचला, ऋजुताच्या चपला घातल्या आणि कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीभोवती फेऱ्या मारून आल्या. जेवून आडव्या झाल्या त्या सकाळपर्यंत घोरत होत्या. ऋजुता छताकडे बघत पडली होती.

चार दिवसांत ऋजुताच्या पायांची सूज उतरली. निनादला कोण आनंद! "बघ, आईच्या चालण्याचा गुण!" सूज सासूबाईंच्या पायांवर आली होती. तरी चपला त्यांना बेतून केल्यासारख्या होत होत्या, आणि ऋजुताला ढगळ.

मग तिची छातीतली जळजळ गेली. मग डोहाळ्यांची कवठाची चटणी नकोशी झाली. ती सासूबाई वाटीत घेऊन बोटानं चाटत बसू लागल्या. आयत्या बिळावर नागोबा, असं ऋजुताच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांनी फुलांचे दागिने सासूबाईंना घातले आणि ऋजुताच्या हाती वाढायचं भांडं दिलं. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. "सुनेनं हौसेनं केलं हो सगळं," एवढंच म्हणून, पोटभर जेवून त्या गेल्या.

एव्हाना ऋजुताचं पोट हाताला उशीसारखं मऊ लागत होतं. दुपारभर ती त्यावर हात ठेवून बाळाच्या हालचालीची वाट पाहत बसली. लाथ बसली, पण ती समोरच्या खुर्चीत. सासूबाईंच्या मांडीवरची शेंगांची ताटली उडाली आणि दाणे घरभर झाले.

घाबरून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी यंत्र पोटावर टेकवलं, बराच वेळ ऐकलं, मग पुसून ठेवलं.

"सगळं उत्तम आहे. पुढच्या वेळी ज्या चालतात त्यांना पाठवा."

"अहो, पण बाळ माझं आहे."

"चालतं कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि बाहेर बसलेल्या पुढच्या बाईला आत बोलावलं.

घरी निनाद म्हणाला, "अगं, त्रास तुझाच वाचतोय ना? पड जरा." जो येई तो तिला पडायला सांगे. पडायला तिची ना नव्हती. पण झोपेनं तिच्याकडे पाठ फिरवली होती, आणि आता बाळही तिला सोडून चाललं होतं. तिच्या पोटात भीतीचा गोळा आला. त्या पोटात आता तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी ती अनवाणीच निघाली. चपला अर्थात सासूबाईंच्या पायांत होत्या. टाकीच्या वाटेवर त्या पुढे दिसत होत्या, एक हात कमरेवर, पावलं जड. ऋजुता भरभर चालू लागली तशी वाट लांबत गेली. ती धावली, तरी अंतर तेवढंच. चालणं देऊन टाकलं की पाय नुसते हलतात, हे तिला तेव्हा कळलं.

"आई, थांबा ना!"

त्या थांबल्या, तेव्हा कुठे ती पोचली. तिला रडू आवरेना.

"माझं मला परत द्या, आई. सूज द्या, जळजळ द्या. झोप तुम्हालाच राहू दे. पण बाळ द्या."

"हातावर पाणी सोडून दिलेलं परत मागू नये गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पोटावरून हात फिरवला. "निनादच्या पाठीवर मला एक हवं होतं. दोनदा दिवस राहिले, पण टिकले नाहीत."

मग ऋजुताच्या पायांकडे त्यांचं लक्ष गेलं. खडीनं तळवे फुटले होते. सासूबाईंचेही डोळे वाहू लागले.

"वेडी का तू! तुझं लेकरू मी ठेवून घेईन होय? हात कर पुढे."

टाकीखालच्या नळाची तोटी कायम गळायची. तिच्याखाली त्यांनी तळहात धरला आणि भरू दिला. ऋजुतानं खाली ओंजळ धरली.

"तुझं चालणं तुला दिलं," सासूबाई स्पष्ट म्हणाल्या आणि त्यांनी हात पालथा केला.

पाणी पडलं नाही.

त्यांनी हात झटकला, पुन्हा तेच शब्द म्हटले. फेऱ्या मारणारी माणसं दोघींना वळसा घालून जात राहिली. सासूबाईंना आतून लाथ बसली, तसं पालथ्या तळहाताला चिकटलेलं पाणी थरथरलं, आणि ऋजुतानं ओंजळ आणखी वर नेली.