ओसरीवरची पाच काडतुसं

हरणांच्या मोसमाला दहा दिवस उरले असताना लेस्टर ब्रुंगार्डच्या रायफलीनं काडतूस गिळायचं बंद केलं.

रायफल त्याच्या वडिलांची. चापाभोवती लोखंडी कडी असते ती जुनी लिव्हरची जात. कडी पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, मागे ओढली की नवं आत जातं. यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणूनच बिघडलं की माणूस वेडा होतो. पहिलं काडतूस सरळ जायचं. दुसरं मात्र अर्ध्यावर नाक वर करून उभं राहायचं, पोस्टाच्या रांगेत पुढच्याचं काय चाललंय ते बघणाऱ्या माणसासारखं.

एरवी लेस्टरनं ही गोष्ट मनावर घेतली नसती. पण कॅम्पचा एक नियम होता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात बारा जणांनी मिळून बांधलेलं लाकडी घर होतं, त्यालाच सगळे कॅम्प म्हणत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी मोसम उघडायचा. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, प्रत्येकानं कॅम्पच्या ओसरीवर उभं राहून, रायफल खांद्याला लावून, पाच खोटी काडतुसं एकामागून एक आतबाहेर करून दाखवायची. अडकलं तर तो माणूस त्या मोसमात स्वयंपाकघरात. नियम कडक होता, पण त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका सभासदानं अडकलेलं काडतूस ओसरीवर बसून सोडवायला घेतलं आणि कॉफीच्या किटलीचा वेध घेतला. त्या वर्षीची कॅम्पची ती एकमेव शिकार.

‘त्या मोसमात स्वयंपाकघरात’ हे म्हणायला होतं. स्वयंपाकघरात गेलेला माणूस पुन्हा जंगलात गेल्याची कॅम्पच्या इतिहासात नोंद नाही. शिवाय गेलेल्याची जंगलात हरणाची वाट बघत बसायची जागा लगेच दुसऱ्याला मिळायची. लेस्टरची जागा मोठ्या खडकाखाली, ओढ्याच्या वळणावर होती. आधी तिथं त्याचे वडील बसत, मग अठ्ठेचाळीस मोसम तो बसला. त्या जागेवर नजर नसलेला सभासद कॅम्पात नव्हता. लेस्टरच्या तब्येतीची सगळेच फार आपुलकीनं चौकशी करत.

त्यानं हे सगळं अर्डिसला, म्हणजे बायकोला, नाश्त्याच्या टेबलावर सांगितलं. अर्डिस म्हणाली की ती स्वतः एक्कावन्न वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात गेली आणि तिच्याही परत येण्याची अजून कुठं नोंद झालेली नाही. मग तिनं त्याच्या बशीत आणखी एक धिरडं टाकलं.

लेस्टर तळघरात गेला.

पहिल्या दिवशी त्यानं रायफल उघडली. आतून एक बारीकशी स्प्रिंग उडाली आणि दोन दिवसांनी कपडे वाळवायच्या यंत्राच्या जाळीत, लेस्टरच्याच मोज्याच्या लोकरीत गुंडाळलेली अर्डिसला सापडली. मधल्या काळात त्यानं पोस्टानं नवी मागवली होती, ती जुनीपेक्षा लांब निघाली. मग त्यानं काडतूस उचलून वर धरणारी लोखंडी पट्टी काढली, भिंगाखाली धरली आणि ती झिजलीय असं ठरवलं. सत्तर वर्षांची कुठलीही वस्तू भिंगाखाली धरली तर झिजलेलीच दिसते. स्वतः लेस्टर त्र्याहत्तरचा होता, पण भिंग त्यानं तिकडे वळवलं नाही.

दुरुस्ती करून तो रायफल टेबलावरच्या लोखंडी पकडीत, व्हाइसमध्ये, आवळायचा, दोन्ही हातांनी कडी ढकलायचा आणि पाचच्या पाच काडतुसं लोण्यासारखी जायची. मग तो ती सोडवून खांद्याला लावायचा. दुसरं अडकायचं. व्हाइसमध्ये चालते, खांद्यावर अडते, यावर त्यानं खूप विचार केला. त्याच्या मते दोष तळघराच्या फरशीचा होता, ती घर तापवायच्या भट्टीच्या बाजूला कललेली होती. तो परसात गेला. परसात थंडी जास्त होती. तो वर स्वयंपाकघरात आला, तिथं उकाडा होता आणि अर्डिस होती.

मार्चमध्ये बर्फ उपसताना लेस्टरचा उजवा खांदा आतून फाटला होता. डॉक्टरनं शिवून दिला आणि व्यायामाला एक रबरी पट्टा दिला. तो पट्टा लेस्टरनं तळघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला बांधून टाकला. दाराला पुष्कळ आराम पडला. लेस्टरचा हात मात्र छातीपासून वीतभर पुढे गेला की थांबायचा. तेवढ्यात चमचा, दाढीचं पातं आणि मोटारीचं चाक बसत असल्यामुळे त्यानं त्याची गणना आजारात केली नव्हती.

चौथ्या दिवशी त्याचा जुना दोस्त मर्ल क्लाइन आला. मर्लनं रायफल उचलली, खांद्याला लावली आणि खाडखाड पाच काडतुसं जमिनीवर पाडली. पुन्हा भरली, पुन्हा पाडली. मग तो टोपी काढून टोपीच्या आत बघत राहिला. तो म्हणाला की कडी शेवटपर्यंत गेली पाहिजे, टक्क आवाज येईपर्यंत, बाकी काही नाही. लेस्टर म्हणाला, तुझे हात गरम आहेत, लोखंडाला गरमी लागते. मर्लनं ते मान्य केलं. दारातून बाहेर पडताना त्यानं अर्डिसला हळूच विचारलं की तू सांगणारेस का मी सांगू. अर्डिस म्हणाली, ज्याच्यात हिंमत असेल त्यानं सांगावं. मर्ल घरी गेला.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, टर्की वर ओव्हनमध्ये असताना अर्डिसनं हात पुसले आणि ती तळघरात उतरली. लेस्टर पट्टीवर कानस फिरवत नव्हता, नुसता बसला होता. तिनं टेबलावरची रायफल घेतली. आपल्याच बापाची असावी तशी एप्रनवर टेकवली, खांद्याला लावली आणि कडी ढकलली. टक्क. पाचही काडतुसं फरशीवरून घरंगळत भट्टीखाली गेली, म्हणजे फरशी कललेली आहे एवढं तरी खरं ठरलं.

“रायफल चांगली आहे, लेस्टर.”

“माहितीये मला.”

“कधीपासून?”

“मर्ल येऊन गेला त्याच्या आदल्या दिवसापासून.”

“मग हे रोज काय चाललंय?”

त्यानं कानस हातात घेतली, दाते अंगठ्यानं पुसले. “रायफल दुरुस्त करता येते गं,” तो म्हणाला. “म्हणून रायफलच घेतली करायला.”

अर्डिस पायरीवर बसली. तिनं विचारलं की मग रविवारी ओसरीवर काय करणार. लेस्टरनं रायफलीतली पट्टी काढून व्हाइसमध्ये धरली आणि जिथं अजिबात घासायची नसते तिथं, तिच्या वरच्या काठावर, कानस ठेवली.

“तुझ्या वडिलांची आहे ती,” अर्डिस म्हणाली.

“ते असते तर त्यांनी व्हाइस आवळून दिला असता.”

शुक्रवारी आणि शनिवारी वर स्वयंपाकघरात कानशीचा आवाज येत राहिला. अर्डिसनं रेडिओ लावला नाही. शनिवारी संध्याकाळी लेस्टरनं रायफल वर आणली आणि तिच्या हातात दिली. तिनं कडी टक्क आवाजापर्यंत ढकलली. दुसरं काडतूस अडकलं. तिनं पुन्हा केलं. पुन्हा अडकलं. लेस्टरचा चेहरा आठवड्याभरात पहिल्यांदा मोकळा झाला. आता जगातल्या कुठल्याही खांद्यावर ती अडकणार होती. माणूस म्हातारा झाला म्हणून जागा गेली, आणि रायफल म्हातारी झाली म्हणून गेली, यात पुष्कळ फरक आहे. दुसऱ्यात लोक येऊन हळहळतात.

रविवारी तसंच झालं. कॅम्पचा कॅप्टन ड्वाइट, मर्लचा पुतण्या, चाळिशीचा, मनानं फार चांगला माणूस, वही घेऊन ओसरीच्या कठड्यावर बसला होता. लेस्टरचं दुसरं काडतूस अडकलं. कोणी हसलं नाही. मर्लनं रायफल मागून घेतली, त्याच्या हातातही अडकलं, आणि मर्लनं चकित होऊन लेस्टरकडे पाहिलं. मग त्यानं पट्टी पाहिली. मग तो लांब डोंगराकडे पाहू लागला. ड्वाइटनं घेतली, त्याच्याकडूनही अडकलं. एकेक जण पुढे येऊन करून बघू लागला. सगळे म्हणाले, काय रायफल होती. कुणी तिनं पाडलेल्या बारशिंग्याची आठवण काढली, कुणी लेस्टरच्या वडिलांची. लेस्टर मधोमध उभा राहून मान डोलवत होता. प्रेताजवळच्या नातेवाईकासारखं त्याला बरं वाटत होतं. जागा गेली होती, पण नाव शाबूत होतं.

तेवढ्यात ड्वाइट उठून आत गेला आणि स्वतःची रायफल घेऊन आला. तीही लिव्हरचीच, नवीकोरी.

“लेस्टरकाका, नियम पाच काडतुसांचा आहे. रायफल कुणाची ते कुठं लिहिलंय? ही घ्या. मी उद्या माझी जुनी नेतो.”

लेस्टरनं दहा दिवस प्रत्येक बाजूनं विचार केला होता. फरशी, थंडी, स्प्रिंग, कानस, सगळं हिशेबात धरलं होतं. कुणी त्याच्याशी चांगलं वागेल ही एकच गोष्ट राहून गेली होती.

तो म्हणाला की दुसऱ्याच्या रायफलीला हात लावायची आमच्या घरात पद्धत नाही. मर्ल घाईघाईनं म्हणाला की जाऊ दे रे ड्वाइट, नसेल त्यांना आवडत. पण ड्वाइटचं मन खरंच चांगलं होतं, आणि चांगल्या मनाला मागे फिरता येत नाही. त्यानं रायफल लेस्टरच्या हातात ठेवली, काडतुसं स्वतः भरून दिली.

लेस्टरनं ती खांद्याला लावली. पहिलं गेलं. दुसऱ्याला त्यानं कमरेपासून सगळं अंग पुढे टाकलं, आणि तेही गेलं. ओसरीवरची माणसं श्वास रोखून उभी होती, त्यात ती जागा हवी असणारेही होते. तिसऱ्याला हात वीतभर पुढे गेला आणि थांबला. टक्क झालं नाही. काडतूस नाक वर करून उभं राहिलं.

ड्वाइटनं रायफल हळूच परत घेतली. आता त्यालाही कळलं होतं. त्याचे कान लाल झाले.

“सकाळपर्यंत नीट होती,” तो म्हणाला. “दमट हवेनं होतं असं.”

लगेच सगळे दमट हवेबद्दल बोलू लागले. कुणाची कशी अडकली होती, कुठल्या वर्षी. बाहेर हवा इतकी कोरडी होती की दाराची कडी धरली तर झिणझिण्या येत. मर्लनं लेस्टरची सामानाची पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली, जंगलात जाणाऱ्यांच्या खाटांकडे नाही, मागच्या खोलीत.

स्वयंपाकघरात एनॉस हार्टझेल होता. वय एक्क्याऐंशी. आठ वर्षांपूर्वी डोळ्यांमुळे तो इकडे आला होता. त्यानं मान वर न करता खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि दुसरी पायानं ओढून आणली. लेस्टर बसला. ओसरीवर पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि पाच काडतुसं टणटण पडल्याचा आवाज आला.

लेस्टरनं समोरच्या कांद्यांकडे हात नेला.

“ते ठेव,” एनॉस म्हणाला. “तू बटाटे घे. कांदे इथं सर्वांत जुन्या माणसाकडे असतात.”