गोलंदाजाची ओळ

या मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा. माझा आवाज कागदाचा, लांबून ऐकू यायचा नाही. पूर्वरंग संपला की बुवा आख्यान लावतात, तसे मीही आज तुमच्यापुढे एक आख्यान लावणार आहे. त्यात राजे आहेत, तोफा आहेत, विनोदही आहेत. पण शेवटी हसू येईलच, असा शब्द मात्र मी देत नाही.

मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, दोनशे पानांची. जबलपुरात अधारतालच्या रस्त्यावरच्या दुकानातून श्रीपादबुवांनी मला घरी आणले, पहिल्या पानावर गंधाचे बोट उमटवले आणि देवाजवळ ठेवले. बुवा कीर्तनकार. गळा गोड, पाठांतर दांडगे. पण हसवणे काही त्यांना जमत नसे. आख्यानात किल्ल्याचा वेढा आला की माणसे जांभया देऊ लागत. पुढे जांभया देणाऱ्यांची संख्याही घटली.

तेव्हा त्यांचे तबलजी तुळशीराम म्हणाले, "बुवा, माझी पोरगी शर्मिला जुन्या राजांच्या गमती शोधून राहिली. वही तिच्याकडे देऊन पाहा ना."

अशी मी शर्मिलाच्या हाती गेले. शहराबाहेरच्या एका कारखान्यात ती तोफगोळ्यांत बारूद भरायचे काम करी. सुट्टीच्या दिवशी सदर भागातल्या वाचनालयात जाऊन बसे. बखरी, प्रवाशांची वर्णने, लढायांचे इतिहास, जे मिळेल ते वाचे. मित्रांनो, मध्ययुगातला विनोद शोधणे म्हणजे राखेत दाणा शोधणे. पानेच्या पाने कत्तली, दुष्काळ, डोळे काढणे. त्यातून तिला कुठेतरी एखादा मूर्ख हुकूम सापडे. मग ती पेन चावत बसे, आणि तो तिच्या बारीक तिरक्या अक्षरांत माझ्यावर उतरे.

एका दुष्काळात एका सुलतानाने म्हणे फर्मान काढले, भुकेने मरणे ही बंडखोरी समजली जाईल आणि बंडखोराला मरणदंड दिला जाईल. हा तिचा पहिला विनोद. बुवांनी तो सांगितला आणि मंदिरातली माणसे पोट धरून हसली. त्या हसण्यावर तुळशीरामांची थाप पडली, धाड्. त्या दिवसापासून रीतच झाली. विनोद बुवांनी सांगायचा, थाप तुळशीरामांनी द्यायची. गर्दी वाढली. दूरच्या कुंडम गावापर्यंतची बोलावणी येऊ लागली. लोक म्हणत, बुवांना सरस्वती प्रसन्न आहे. बुवा हसत आणि मला झोळीत घालत. शर्मिला बायकांत मागे बसून टाळ्या वाजवी. तिचे नाव कोणी घेतले नाही, आणि तिनेही कधी मागितले नाही.

तिचा एक नियम होता. हसायचे ते राजाला, पाणी वाहणाऱ्या पखालवाल्याला नाही. त्या नियमाने तिने तोफेची गोष्ट लिहिली. राजाने प्रचंड तोफ ओतवली. गोलंदाजाने बत्ती देऊन पहिला बार काढला आणि तोफच फुटली. लांब तंबूत बसलेल्या राजाने विचारले, गोळा किती दूर गेला? सरदार म्हणाला, महाराज, गोळा जागेवरच आहे, तोफ गेली. राजाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, मग पुढच्या वेळी तोफेत तोफ भरा.

या गोष्टीला सर्वांत मोठी थाप पडे. पण तिच्याखाली शर्मिलाने आणखी एक ओळ लिहिली होती. ती बुवा कधीच म्हणत नसत.

नंतर एका पौषात कारखान्यात स्फोट झाला. वर्तमानपत्रात बातमी आली, एक महिला कर्मचारी ठार. तीच शर्मिला. एकतीस वर्षांची. माझी शेवटची चाळीस पाने कोरी होती, ती कोरीच राहिली.

रामनवमीचा उत्सव आला. सेवा मोडायची नाही म्हणून तुळशीराम तबल्यावर बसले. बुवांनी वेढ्याचे आख्यान लावले. मित्रांनो, पाठांतर ही वाईट खोड आहे. बैल ओळखीच्या वाटेने जातो तशी जीभ आपोआप चालते. बुवांच्या तोंडून तोफेची गोष्ट कधी सुरू झाली ते त्यांनाही कळले नाही. तोफेत तोफ भरा! मंदिर हसले. थाप पडली नाही.

बुवांनी वळून पाहिले. तुळशीरामांचा हात हवेत तसाच होता. मग तो हळूच खाली आला आणि पुढच्या पदाचा ठेका धरला. नारदाच्या गादीसमोरून मध्येच उठू नये म्हणून ते आरतीपर्यंत वाजवत राहिले. आरती झाल्यावर तबल्यांवर खोळ चढवली आणि बुवांच्या पाया न पडता निघून गेले.

पुढचे दोन महिने ते आले नाहीत. बुवांनी कीर्तन थांबवले. मला कपाटात कोंबले, तिथे मला कसर लागली. शेवटी त्यांनी ठरवले, हे पाप नर्मदेत सोडायचे. तुळशीरामांना निरोप धाडला, वही विसर्जन करतो आहे, तुमच्यासमोर करतो, या.

ग्वारीघाटाच्या पायरीवर बुवांनी मला लाल फडक्यात बांधून ओंजळीत धरले होते. खाली पाणी दिसत होते. शाई पाण्यात किती वेळ टिकते, एवढाच विचार माझ्या मनात होता.

तुळशीराम आले. म्हणाले, "काहून बुडवून राहिले बुवा? पोरीचं अक्षर आहे त्यात."

त्यांनी मला सोडवले. इतकी वर्षे माझ्यातल्या विनोदांवर थापा दिल्या, पण मला कधी उघडले नव्हते. बोट ठेवत, अडखळत त्यांनी तोफेचे पान वाचले आणि खालच्या ओळीवर थांबले.

"ही ओळ तर तुम्ही कधी म्हटली नाही."

बुवा खाली मान घालून म्हणाले, "त्या ओळीला लोक हसले नसते, तुळशीराम."

मग तुळशीरामांनी सांगितले, कारखान्याचा साहेब घरी आला होता. त्याने आधी गेटपास परत मागितला. तिचे नाव त्याने पासवर वाचले, आणि मग हात जोडले.

"अभंगाच्या शेवटी ज्यानं केला त्याचं नाव येते," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या गोष्टीत काहून येत नाही जी?"

बुवांनी तिथेच पायरीवर तुळशीरामांच्या पायांना हात लावला. ज्या कीर्तनकाराच्या पाया सारे गाव पडते, तो तबलजीपुढे वाकला. तुळशीरामांनी त्यांना उठवले नाही. मला फक्त फडक्यात गुंडाळून परत दिले.

कार्तिकात पुन्हा कीर्तन झाले. तोफ फुटली, लोक हसले. बुवांनी हात वर केला. हसू विरेपर्यंत थांबले आणि ती ओळ म्हणाले, "गोलंदाजाचे नाव काय होते, हे राजाने विचारले नाही. शर्मिला म्हणे."

कोणी हसले नाही, कोणी खोकलेही नाही. आणि त्या शांततेत थाप पडली. एकच.

मित्रांनो, आता मी फार जुनी झाले आहे. शिवण उसवली आहे, कडा कुरतडल्या आहेत. तुमच्याही घरी अशी एखादी हस्तलिखित वही असेल. तिला रद्दीत घालू नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा, कव्हर घाला, आणि अक्षर कोणाचे आहे ते घरात विचारून ठेवा. आणि जुन्या राजांचा एखादा विनोद ऐकून पोटभर हसाल, तेव्हा क्षणभर थांबा. बारूद भरणाऱ्या हातांनी तो कोणीतरी लिहिला होता. मनातल्या मनात एवढेच म्हणा, शर्मिला म्हणे.