कुबियाकचा जोड वरच राहिला

मित्रांनो, मी एक जुना बुटांचा जोड आहे. आज मी कुणाच्याच पायाचा नाही. पण आल्फॉन्स कुबियाकच्या पायात होतो, तेव्हा आमच्या कोळशाच्या गावात माझ्याइतकं भाग्यवान कातडं दुसरं नव्हतं.

लढाईनंतरच्या टंचाईत एका चांभाराने मला जुन्या पट्ट्याच्या कातड्यातून घडवलं. आल्फॉन्स सकाळी खाणीत उतरायचा आणि संध्याकाळी मला घालून फुटबॉलच्या संघात मधल्या फळीत खेळायचा. त्याने दिलेला चेंडू पुढचा गडी असा झेलायचा, की बुवांनी सोडलेलं चरण टाळकऱ्यांनी अलगद उचलावं!

खाणीच्या न्हाणीघरात प्रत्येकाचा एक लोखंडी आकडा असे. घरचे कपडे, बूट त्याला अडकवायचे आणि साखळीने छतापर्यंत ओढायचे. सामान वर, म्हणजे माणूस खाणीत. माणूस सुखरूप आला, की सामान खाली. मी तिथे लोंबकळत त्याची वाट पाहायचो.

मग एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. "खाणीत हलकं काम कर, चेंडूला मात्र पाय लावू नकोस," डॉक्टर म्हणाले. त्या शनिवारी पाळी संपल्यावर त्याने मला पुसलं, आकड्याला अडकवलं, वर ओढलं आणि घरी जाऊन कबुतरांना दाणे टाकत बसला. हा त्याचा खेळाला शेवटचा नमस्कार होता.

थोड्या वेळाने न्हाणीघराचा रखवालदार ब्रुनो वर पाहतो तो काय! "अरे देवा! कुबियाकचा जोड वरच आहे! माणूस खाली राहिला!"

भोंगा वाजला. आंघोळ करून निघालेला आमचा अख्खा संघ, कुणी न सांगता, पुन्हा खाणीत उतरला.

भोंगा ऐकून आल्फॉन्सही लंगडत धावत आला. "ब्रुनोकाका, कोण राहिलं खाली?"

"तू!"

संघ वर आला तो काळाठिक्कर. गोलरक्षक एगॉनने त्याची गचांडीच धरली. "मेल्या! आम्ही तुला दगडाखाली शोधतोय आणि तू इथे?"

"मी खेळ सोडला रे. तेवढंच सांगायचं होतं."

"मग तोंड आहे ना? तोंडाने सांगावं! पुढच्या रविवारी हरलो तर संघ खालच्या गटात जाईल, आणि हा बूट टांगून मोकळा!"

आल्फॉन्स मान खाली घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मला शोधलंत कुठे?"

"पाचव्या बोगद्यात."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"अरे गाढवांनो! सगळेच्या सगळे एकाच बोगद्यात? आणि बाकीच्या बोगद्यांत कोण पाहणार? मैदानावरही हेच करता! चेंडू जिथे, तिथे सगळे!"

मग एगॉनचे पांढरे दात चमकले. "बघ ब्रुनोकाका, आम्हाला शिकवणारा सापडला."

त्या रविवारी आल्फॉन्स मैदानाच्या काठावर उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडला, आणि संघ वाचला. पुढे त्याने कितीतरी गावांचे संघ घडवले. माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाचली. पण त्याने आवाज चढवला तो फक्त खेळाडूंना मोकळी जागा दाखवायला.

देवाने एक दार लावलं, पण घर काही मोडलं नाही, मित्रांनो. मला अधूनमधून थोडी चरबी चोळा, तेवढ्याने माझं कातडं तडकत नाही. जुना जोडा पायात घालू नका हवं तर. पण मैदान कुठे निसरडं आहे, हे त्याला एकदा विचारत जा.