विहिणीपुढचं निरांजन

निरांजनाच्या काठाला, वात टेकते तिथे, एक काळा डाग होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. चिंच लावून झाली, लिंबू चोळून झालं, अंगठ्याच्या नखानं खरवडून झालं. बाकीचं पितळ लख्ख निघालं आणि डाग जिथल्या तिथे. कालपर्यंत हा होता का? असणारच, काजळी काय एका रात्रीत धरते? पण आपण कधी इतक्या जवळून बघितलंच नव्हतं... गेल्या आठवड्यात मात्र अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं, मोबाइलवर, दोन बोटं फाकवून, मोठं करून.

सुहासिनीबाईंनी निरांजन पालथं घातलं आणि हात धुतले.

ती चित्रफीत त्यांनी स्वतः एकदाच पाहिली होती. लग्न मुलीकडच्यांचं, बोलावणं मुलीकडच्यांचं, विहिणीची पंगत बसलेली. पाटाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, आणि समोर सुहासिनीबाई आणि त्यांच्या चौघी, शेवाळी रंगाच्या सारख्या साड्या नेसून. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हाच त्यांचा उद्योग – लग्नांत जाऊन रुखवताची, विहिणीची जुनी गाणी म्हणायची. लोक हौसेनं बोलवायचे. अहो, हल्लीच्या आयांना कुठे येतात ही गाणी? त्या दिवशीही झकास रंगलं होतं. शेवटचं गाणं नेहमीचंच, हुकमी:

आली गं विहीणबाई, दिवा लावा दारी,
भर मांडवात कशी रात्र झाली दुपारी!
दिव्याला घातलं तेल, तेलात भिजली वात,
विहीण हसली तेव्हा दिसले नुसते दात!

शेवटच्या ओळीला निरांजन उचलायचं, विहिणीच्या तोंडाजवळ न्यायचं, काही दिसत नसल्यासारखं इकडून तिकडून फिरवायचं आणि थांबायचं. कल्याणी ढोलकीवर हात वर धरून थांबते. सगळा मांडव थांबतो. मग विहीण हसते आणि त्या हसण्यावर ढोलकीची थाप पडते – ती हसल्याशिवाय गाणं संपतच नाही, बांधणीच तशी आहे. आणि आजवर एकही विहीण अशी भेटली नव्हती जी हसली नाही. गोऱ्यापान विहिणीलाही आम्ही हेच म्हणतो. तेव्हा तर ते उलटं लागून आणखी हशा होतो. मग? मग यात रंगाचा अपमान आला कुठून?

पण ही विहीण काळी होती. चांगली काळी. आणि नवरीच्या कुठल्याशा मैत्रिणीनं ते टिपून जगापुढे टाकलं, खाली लिहिलं, "एका बाईच्या रंगावर पन्नास बायका हसतात, आणि याला आपण संस्कृती म्हणतो." झालं. लोकांनी त्यांना वर्णद्वेषी म्हटलं, जातीयवादी म्हटलं, पेठेतली घमेंडखोर म्हातारी म्हटलं. त्यातल्या घमेंडखोरबद्दल नवऱ्याचं, दीनानाथरावांचं, काही म्हणणं नव्हतं.

"एवढे श्रोते तुला उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते," चहाचा कप पुढे सरकवत ते सकाळी म्हणाले होते. चाळीस वर्षांच्या संसारात सुहासिनीबाईंना एवढं कळलं होतं, की हे त्यांचं सांत्वन करणं असतं. त्यांनी कप घेतला.

बोलावणी रद्द होत होती. भांडून नव्हे, अगदी गोड बोलून. हॉल बदललाय, कार्यक्रम छोटा केलाय, मुलांना डीजे हवाय. हे सगळं पचलं असतं. पण काल कल्याणीचा फोन आला... कल्याणी, जिला ढोलकी धरायला त्यांनी शिकवलं, तिच्या भाचीचं लग्न पुढच्या आठवड्यात, आणि ती चाचरत म्हणाली, "ताई, दादा म्हणतो, सगळ्यांनी या. फक्त... नुसत्या जेवायला या."

नुसत्या जेवायला! सुहासिनीबाईंनी हो हो म्हणून फोन ठेवला होता आणि मग बराच वेळ त्यांना घरात कुठे बसावं ते सुचेना.

लेकीनं, कादंबरीनं, आधी माफीचा मजकूर लिहून पाठवला. तो त्यांनी वाचलाही नाही. माफी कसली? पंगत विहिणीची, मान तिचा, यजमान तिच्यापुढे हात जोडून उभे. मुलीकडच्यांनी जन्मभर मान खाली घालायची, त्यांच्या बायकांना तोंड उघडायला ती एवढी एकच वेळ, आणि तीही तुम्ही काढून घेणार? हे त्या पूर्वी भाषणातसुद्धा बोलल्या होत्या, टाळ्या पडल्या होत्या. मग कादंबरी म्हणाली, "बरं, माफी नको. आई, तू त्या बाईंकडेच जा ना. त्यांनी एकदा कॅमेऱ्यासमोर सांगू दे की मला काही वाटलं नाही. संपला विषय. दोन दिवसांत लोक विसरतील."

हे पटलं. खरंच, जिचं गाणं तिला विचारा की! बाकीचे कोण टिकोजीराव?

म्हणून दुपारची जेवणं आटोपून त्या कात्रजच्या बसमध्ये बसल्या होत्या. खिडकीजवळची जागा मिळाली. पर्स मांडीवर, पर्समध्ये मोबाइल, पूर्ण चार्ज केलेला. मनात त्या बाईंशी काय बोलायचं ते जुळवत होत्या आणि जुळवता जुळवता नेहमीसारखी आई आठवली. या विषयावर कुणाशीही वाद झाला की त्या आईचा दाखला द्यायच्या. अहो, माझ्या स्वतःच्या लग्नात माझ्या आईला म्हटलंय हे गाणं! रुखवताला दोन्हीकडच्या बायका समोरासमोर बसल्या होत्या, मुलाकडून माझ्या चुलतसासूबाई, दुर्गाकाकू – काय आवाज होता – त्यांनी हेच गाणं आईसमोर म्हटलं, हेच निरांजन तिच्या तोंडाशी धरून. आणि आई? आई काळीच होती. मी बाबांचा रंग घेतला. "सुटलीस," म्हणायची आई, वेणी घालताना. तर आई किती हसली! पदर तोंडाला लावून लावून हसली. तिला वाटलं अपमान? मुळीच नाही. पुढे दुर्गाकाकूंनी ते गाणं मला शिकवलं, निरांजनही मलाच दिलं.

स्वारगेट मागे पडलं. पदर तोंडाला लावून... हो, तशीच हसली. डोळ्यांपुढे स्वच्छ होतं, अंजिरी पदर, त्यावर आईची बोटं. पण आई तर माहेरच्या ओट्यावर हसायची तेव्हा मागे रेलून, तोंड उघडून, अगदी पडजीभ दिसेपर्यंत हसायची. बाबा ओरडायचे, "अगं, चार घरं ऐकतील!" मग त्या दिवशी पदर कशाला... चारचौघांत असेल. व्याह्यांसमोर असेल. बायका लावतातच पदर. बसला जोराचा ब्रेक लागला, पर्स घसरली, सुहासिनीबाईंनी ती घट्ट धरली.

त्या विहीणबाईंनी, मुक्ताबाईंनी, दार उघडलं आणि क्षणभर ओळखलं नाही. मग ओळखलं. आणि त्या म्हणाल्या, "या बाई, या. उन्हाच्या आल्या. बसा." लेक सोनू आणि सून दोघं कामावर गेलेली. यवतमाळकडची बाई. मुलाच्या नोकरीपायी पुण्यात आलेली. तिनं पाणी दिलं, चिवड्याची बशी दिली, चहा ठेवला, आणि हे सगळं करताना इतकी अवघडली होती, जणू चूक तिच्याच हातून झालीय.

सुहासिनीबाईंनी येण्याचं कारण सांगितलं. जुळवलेलं सगळं बोलणं विसरल्या, सरळच सांगितलं.

"तुमी काहून घाबरता बाई? मले काई वाटलं नाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमच्याकडे बी म्हन्तेत असे गाने. मी सोताच म्हटले."

हुश्श! सुहासिनीबाईंना एकदम त्या बाईचा हात धरावासा वाटला.

"त्याचं काई नाई," मुक्ताबाई बशीतला शेंगदाणा बोटानं इकडून तिकडे सरकवत होत्या. "पन आता सारे लोक मले बिचारी म्हनून राहिले. सूनबाई वाचून दाखवते, कोनी लिवते, काळ्या बी सुंदर असतेत. मी कोनाले इचारलं होतं? दुधाले गेली तं दुकानातली पोरगी म्हन्ते, तुमी त्या दिव्यावाल्या ना? तवापासून सोनूच आनते दूध."

म्हणजे त्रास झाला तो त्या लोकांनी दिला! हे वाक्य सुहासिनीबाईंच्या मनात लगेच तयार झालं, कादंबरीला सांगायला, जगाला सांगायला. हेही कॅमेऱ्यासमोर बोलाल का, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण मुक्ताबाई उठल्या होत्या. "थांबा. तोंड धुऊन येतो."

आतून नळाचा आवाज आला. मग डब्याचं झाकण उघडल्याचा. मुक्ताबाई बाहेर आल्या तेव्हा साडी बदललेली होती आणि तोंडाला पावडर होती. खूप पावडर. कपाळाच्या कडेला, केसांच्या मुळाशी ती नीट पसरली नव्हती, आणि गळा तसाच होता. खुर्चीत त्या ताठ बसल्या. "बराबर दिसते ना?"

"हो हो, छान," सुहासिनीबाई म्हणाल्या. मोबाइल समोर धरून त्यांनी बटण दाबलं.

"मी मुक्ताबाई. गान्याचं मले काई वाटलं नाई. गंमत होती. ताईंले कोनी काई बोलू नका." एवढं बोलून मुक्ताबाई थांबल्या. पुढे काय करावं हे त्यांना कळेना, सुहासिनीबाईंनाही मोबाइल बंद करायचं सुचेना. काचेतून त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मांडवात निरांजन धरून बघतात तसं. मग मुक्ताबाई हसल्या. आणि हसू ओठांवर येतं न येतं तोच त्यांचा तळवा वर आला आणि तोंडावर बसला.

घट्ट बसला. चारचौघं नव्हती, व्याही नव्हते, घरात त्या दोघीच होत्या.

परतीच्या बसमध्ये सुहासिनीबाई उभ्याच होत्या, जागा मिळाली तरी बसल्या नाहीत. मोबाइल दोनदा वाजला, कादंबरीच असणार. मिळालं होतं की सगळं. हवं होतं ते सगळं त्या बाईनं दिलं होतं, वर चिवडाही बांधून दिला होता. एक बटण दाबलं की झालं, कल्याणीचा दादाही बोलावील, ढोलकी वाजेल, शेवाळी साड्या निघतील. मग आपण इतक्या का दमलो? ऊन लागलं असेल... आई आमच्याकडे सणावाराला यायची. चार-चार दिवस राहायची. दीनानाथ काहीतरी खोचक बोलायचे आणि ती हसायची. हसायची ना? हसायचीच. ओठ मिटून, नाकातून, एक छोटासा आवाज करून. मला वाटायचं जावयासमोर लाजते. तिच्या नातवाच्या, माझ्या मुलाच्या बारशाचा फोटो आहे, सगळे दात काढून हसतायत आणि आईनं ओठ मिटलेत. मुंजीच्या फोटोत, तसेच. आमच्या घरातल्या एकाही फोटोत आईचे दात नाहीत. मी किती वेळा पुसल्यात त्या काचा!

घरी आल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दीनानाथराव शब्दकोड्यात डोकं घालून बसले होते.

"झालं का तुझं काम?"

"हो." त्यांनी पर्स कोचावर ठेवली. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "अहो, ते गाणं... आपल्या लग्नाच्या आधीपासून म्हणायच्या का दुर्गाकाकू?"

"छे गं," ते कोड्यातून वर न बघता म्हणाले. "तिथेच रचलं की तिनं, मांडवात. तुझ्या आईला बघून. शीघ्रकवी होती काकू, कितीदा सांगायची ती." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का? तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, माहीत आहे."

सुहासिनीबाई देवापाशी गेल्या. निरांजन सकाळी पालथं घातलं तसंच होतं. ते सरळ केलं, तेल घातलं, वात भिजवली. काडी हातात घेतली आणि ओढली नाही.

म्हणजे ते गाणं त्यांनी स्वतः जपलं. इतकी वर्षं जपलं, चाल बिघडू दिली नाही, चौघींना शिकवलं, गावोगावच्या मांडवांत नेलं. आईला बघून केलेलं गाणं मी आईचाच दाखला देऊन म्हटलं... आणि ती पाटावर बसलेली असताना मी कुठे होते? तिच्या शेजारीच होते. मी हसत होते. तोंड उघडून.

बाहेर कोचावर मोबाइल पुन्हा वाजायला लागला. "कादंबरीचा फोन आहे," दीनानाथरावांनी हाक मारली, "विचारत असेल, पाठवलं का म्हणून."

चाल मनात सुरू झालीच होती, तिला थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. आली गं विहीणबाई... त्यांना ती हजारदा आतून ऐकू आली होती, स्वतःच्या गळ्यातून, ढोलकीच्या बाजूनं. आज ती समोरून येत होती. पाटावर बसल्यासारखं सगळं दिसत होतं, बायकांचे उघडे चेहरे, जवळ जवळ येणारी ज्योत, तिची गालाला लागणारी धग, आणि ढोलकीवर वर धरलेला तो हात, जो आपल्या हसण्याची वाट बघत होता.

मोबाइल वाजत होता. सुहासिनीबाई अंधारात बसून राहिल्या, ओठ मिटून.